सफारीपूर्वीची पाहणी



'सफारी' हा शब्द आता आपल्याकडे चांगलाच रुळला आहे. तो कानी पडला की उघडी मोटार, सोनेरी गवत आणि त्या गवतात पहुडलेला सिंह असे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु ज्या स्वाहिली भाषेतून हा शब्द जगभर पसरला, तिच्यात त्याचा अर्थ नुसता 'प्रवास' एवढाच आहे. मोंबासाहून नैरोबीला कचेरीच्या कामासाठी निघालेल्या कारकुनाचा प्रवास हीदेखील सफारीच. या शब्दाचे मूळ अरबी 'सफर' या शब्दात आहे, आणि त्याच मुळापासून फारसीच्या वाटेने आपल्या मराठीतही 'सफर' आली. म्हणजे या दोघी एकाच घरच्या लेकी. एक आफ्रिकेच्या किनाऱ्यावर नांदली, दुसरी दख्खनच्या पठारावर. स्वाहिलीत दुकानाला 'दुका' म्हणतात, गाडीला 'गारी', हिशेबाला 'हेसाबु', लाखाला 'लाकी' आणि चपातीला 'चपाती'च म्हणतात. मधल्या समुद्राने या दोन किनाऱ्यांना जितके दूर ठेवले, तितकेच जवळही आणले आहे.

आज हा विषय घेण्याचे कारण असे की, आफ्रिकेतील अरण्ये आणि शहरे पाहावयास जाणाऱ्या भारतीय कुटुंबांत आता मराठी कुटुंबेही पुष्कळ असतात. सेवानिवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या रकमेतून, किंवा विवाहाच्या पंचविसाव्या वर्षी मुलांनी जमवलेल्या पैशातून ही सहल ठरते. आयुष्यात बहुधा एकदाच होणारा हा खर्च असतो. अशी कुटुंबे जाण्यापूर्वी त्यांच्यासाठी दुसरेच कोणी तिकडे जाऊन येत असते, ही गोष्ट मात्र पुष्कळांस ठाऊक नसते. सहलींची आखणी करणारे तज्ज्ञ, ज्यांना आपण साध्या भाषेत टूरवाले म्हणतो, ते हंगामाच्या आधी काही दिवसांचा पाहणीचा दौरा काढतात. नैरोबी, मसाई मारा, सेरेंगेती, झांझिबार, व्हिक्टोरिया धबधबा, क्रूगर, केपटाउन अशी ठिकाणे ते भराभर पाहतात, मुक्कामाच्या जागा तपासतात, टिपणे करतात, आणि परत येऊन तुम्हा-आम्हांस सल्ला देतात. त्या सल्ल्यावर विसंबून आपण पैसे भरतो. तेव्हा ही पाहणी कशी होते, कशी व्हावयास हवी, आणि तिच्यावर नेमके काय अवलंबून असते, याचा विचार करणे अस्थानी ठरणार नाही.

मी सरकारी नोकर आहे. तपासणीचे दौरे हा आमच्या व्यवसायाचा नित्याचा भाग. त्यामुळे एक गोष्ट मी अनुभवाने सांगू शकतो. ज्या दौऱ्याची पूर्वसूचना दिलेली असते, त्या दौऱ्यात तपासणी करणाऱ्यास ओल्या चुन्याचा वास हमखास येतो. भिंती नुकत्याच रंगवलेल्या असतात, नोंदवह्या नव्या वेष्टनांत असतात, आणि जो कर्मचारी खरे बोलण्याचा संभव असतो, तो नेमका त्याच दिवशी रजेवर असतो. सहल-तज्ज्ञांच्या दौऱ्याचेही असेच आहे. तेथील हॉटेले आणि वनविश्रामगृहे त्यांना बहुधा विनामूल्य किंवा अल्प मूल्यात उतरवून घेतात. सर्वोत्तम खोली, सर्वात जाणता वाटाड्या आणि खिडकीजवळची जागा त्यांच्या वाट्याला येते. यात कोणाची लबाडी असते असे नव्हे. पाहुण्याला घरातले चांगले ताट वाढावे ही रीत सर्वत्र आहे. परंतु त्या ताटावरून रोजच्या स्वयंपाकाची परीक्षा करता येत नाही. म्हणून जाणता पाहणीदार आपल्याला दिलेल्या खोलीऐवजी सर्वांत स्वस्त खोली दाखवा म्हणतो. भोजनगृहापेक्षा मुदपाकखाना आधी पाहतो. मोटारीत पुढच्या जागेवर न बसता मागच्या बाकावर बसतो, कारण साठी ओलांडलेल्या प्रवाशाच्या कंबरेला खरा दणका तेथेच बसावयाचा असतो.

आता प्रत्यक्ष पाहणीकडे वळू. पहिला प्रश्न ऋतूचा. आफ्रिका खंडाचे क्षेत्रफळ सुमारे तीन कोटी चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या नऊपट. विषुववृत्त त्याच्या मध्यातून जाते. एवढ्या प्रदेशाला 'आफ्रिकेत हवा कशी असते?' हा एकच प्रश्न विचारणे, म्हणजे काश्मीर आणि कन्याकुमारी यांची हवा एका वाक्यात विचारण्यासारखे आहे. आफ्रिका म्हणजे उष्णता असे समजून निघालेला प्रवासी जुलैत नैरोबीस उतरतो, आणि संध्याकाळी गरम कपडा शोधू लागतो. कारण ते शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १८०० मीटर उंचीवर आहे. न्गोरोंगोरोच्या विवराचा काठ तर २३०० मीटरच्या आसपास. तेथे पहाटे लोकरीचे कपडे लागतात.

आपल्याकडे सहली ठरतात त्या शाळांच्या सुट्या पाहून. नेमकी तेथेच मेख आहे. आपली उन्हाळ्याची सुटी एप्रिल-मे महिन्यांत येते, आणि केनिया व टांझानियात मार्चपासून मेपर्यंत मोठा पाऊस असतो. मातीचे रस्ते चिखलाने भरतात, काही विश्रामगृहे त्या दिवसांत बंदच ठेवली जातात. या दिवसांत दर उतरलेले असतात, आणि त्या उतरलेल्या दरांची जाहिरात पाहून लोक भुलतात. याउलट, त्याच मे महिन्यात दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर अरण्यात पाऊस सरलेला असतो, गवत वाळू लागलेले असते आणि प्राणी पाणवठ्यांकडे वळू लागलेले असतात. झांबिया आणि झिंबाब्वे यांच्या सीमेवरील व्हिक्टोरिया धबधबा एप्रिल-मेच्या सुमारास भरात असतो. सुमारे १७०८ मीटर रुंदीचा आणि शंभर मीटरहून अधिक उंचीचा तो पाण्याचा पडदा इतके तुषार उडवतो की समोरचे काही दिसेनासे होते. तेथील लोकांनी त्याला 'मोसी-ओआ-तुन्या', म्हणजे 'गर्जणारा धूर', असे नाव दिले ते उगीच नव्हे. मात्र दिवाळीच्या सुटीत, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, तोच धबधबा रोडावतो, आणि झांबियाच्या बाजूला तर पुष्कळ ठिकाणी उघडा खडक तेवढा दिसतो. तेव्हा उन्हाळ्याची सुटी असेल तर दक्षिणेकडे पाहावे, आणि ऑगस्ट-सप्टेंबरात रजा मिळत असेल तर पूर्वेकडे, असा ढोबळ नियम सांगता येईल.

बोट्स्वानातील ओकावांगोची गोष्ट याहूनही चमत्कारिक आहे. ही नदी समुद्राला मिळतच नाही. कालाहारीच्या वाळूत पसरून ती तेथेच जिरते. तिचा पाऊस पडतो अंगोलाच्या डोंगरांत, साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात. ते पाणी सपाट भूमीवरून संथपणे सरकत खाली येते, आणि खोऱ्याच्या मुखाशी पोहोचेपर्यंत जून-जुलै उजाडतो. म्हणजे त्या प्रदेशात आकाश कोरडे असते, तेव्हा जमीन पाण्याने भरते. आणि अशा वेळी दूरदूरचे प्राणी तेथे गोळा होतात. २०१४ साली जागतिक वारशाच्या यादीत या प्रदेशाचा समावेश झाला, तेव्हा त्या यादीतील ते हजारावे स्थळ ठरले. पर्जन्यमानाचे कोष्टक तेवढे पाहून 'पावसाळ्यात होडीची सहल' असे ठरवणारा तज्ज्ञ येथे साफ फसेल. पाहणीदार वर्षातल्या बावन्न आठवड्यांपैकी एकच आठवडा तेथे असतो. उरलेल्या एक्कावन्न आठवड्यांची माहिती त्याने तेथील माणसांना विचारूनच मिळवली पाहिजे.

पूर्व आफ्रिकेतील सर्वांत प्रसिद्ध दृश्य म्हणजे विल्डेबीस्ट नावाच्या प्राण्यांचे स्थलांतर. गाईसारखे शिंग आणि घोड्यासारखी आयाळ असलेला हा कुरंगाच्या जातीचा प्राणी लाखोंच्या संख्येने, झेब्रे आणि हरिणे यांच्या संगतीने, वर्षभर फिरत असतो. जानेवारी ते मार्च या काळात हे कळप सेरेंगेतीच्या दक्षिणेस, न्दुतूच्या बाजूच्या आखूड गवतात असतात, आणि फेब्रुवारीच्या सुमारास अवघ्या काही आठवड्यांत लक्षावधी वासरे जन्मास येतात. मे-जूनमध्ये ते पश्चिमेकडे आणि उत्तरेकडे सरकतात. जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत ते मारा नदीच्या आसपास असतात आणि ती नदी पुनःपुन्हा ओलांडतात. नोव्हेंबरात पावसाचा वास लागताच पुन्हा दक्षिणेची वाट धरतात. यातला प्रत्येक टप्पा प्रेक्षणीय आहे. परंतु चित्रफितींत दिसतो तो एकच, नदी ओलांडण्याचा. त्यामुळे सारी गर्दी त्या दोन-तीन महिन्यांत आणि नदीच्या त्या काही घाटांवर लोटते.

दुसरा प्रश्न वाटेचा. नकाशावर मसाई मारा आणि सेरेंगेती ही एकमेकांस खेटून आहेत. मधली रेषा माणसाने काढलेली आहे आणि विल्डेबीस्ट ती मानीत नाही. प्रवाशाला मात्र ती मानावी लागते. अरण्यातून सरळ पलीकडे मोटारीने जाता येत नाही; इसेबानियासारख्या नाक्यापर्यंत वळसा घालून, कागदपत्रे दाखवून, बहुधा वाहन बदलून पलीकडे जावे लागते, आणि त्यात सारा दिवस मोडतो. 'सकाळी मारा, दुपारी सेरेंगेती' असे ज्याच्या कार्यक्रमपत्रिकेत लिहिलेले असेल, त्याने ती वाट पाहिलेली नाही हे निश्चित समजावे. नैरोबीहून माराला मोटारीने पाच-सहा तास लागतात. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोट्या विमानाने गेले तर तासाभरात पोहोचता येते. पण त्या विमानात माणशी १५ किलोच सामान, तेही मऊ पिशवीत, चालते. आपली टणक पेटी आणि तिच्यातला फराळाचा डबा यांचे काय करावयाचे, हा प्रश्न मुंबईतच सोडवून निघावे लागते.

आरोग्याचेही तसेच. केनिया, युगांडा यांसारख्या देशांतून परतणाऱ्या प्रवाशाजवळ पीतज्वराच्या लसीचा दाखला नसला, तर भारतात उतरल्यावर त्यास सहा दिवसांपर्यंत अलग ठेवले जाऊ शकते. ही लस टोचल्यापासून दहा दिवसांनी तो दाखला ग्राह्य होतो, म्हणजे निघण्याच्या आदल्या दिवशी धावाधाव करून उपयोग नाही. हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्यांबद्दल डॉक्टरांचा सल्ला घ्यावा लागतो. केनियात २०१७ पासून आणि टांझानियात २०१९ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे; तेव्हा चिवड्यालाही कापडी पिशवीच बरी. या बाबी लहान वाटतात. पण सहल आनंदाची होते किंवा बिघडते, ती बहुधा अशाच लहान बाबींमुळे.

तिसरा प्रश्न शहरांचा, आणि माझ्या मते सर्वांत अधिक उपेक्षा होते ती यांचीच. पुष्कळ सहलींत आफ्रिकेतील शहर म्हणजे विमान बदलण्याची जागा. एक रात्र काढावयाची, पहाटे निघावयाचे. जणू काही त्या खंडात सिंह, हत्ती आणि जिराफ तेवढे राहतात, माणसे नाहीतच. वस्तुतः नैरोबीत दोन दिवस डोळसपणे घालवले, तर भारतीय माणसाला स्वतःच्याच इतिहासाची काही पाने वाचावयास मिळतात. १८९६ साली मोंबासाहून आत लोहमार्ग टाकण्यास आरंभ झाला. त्यासाठी हिंदुस्थानातून, मुख्यतः पंजाबातून, सुमारे बत्तीस हजार मजूर नेण्यात आले. त्यांपैकी सुमारे अडीच हजार तेथेच मृत्यू पावले. १८९८ साली त्सावो नदीच्या पुलावर दोन सिंहांनी या मजुरांना कित्येक महिने जीव मुठीत धरून राहावयास लावले. १८९९ साली रूळ एका दलदलीच्या माळावर येऊन पोहोचले. मसाई लोक त्या जागेला 'थंड पाणी' अशा अर्थाच्या नावाने ओळखत. तेथे रेल्वेचे ठाणे पडले, आणि त्याचेच पुढे नैरोबी झाले. १९०१ साली तो मार्ग व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत गेला. रुळांमागोमाग गुजराती दुकानदार गेले आणि गोव्याचे कारकून गेले. ब्रिटिश अमदानीतील पूर्व आफ्रिकेच्या कचेऱ्या पुष्कळशा गोमंतकीय कारकुनांच्या हस्ताक्षरावर चालत असत. केनियाचे दुसरे उपराष्ट्राध्यक्ष जोसेफ मुरुंबी हे गोमंतकीय पिता आणि मसाई माता यांचे पुत्र. १९६६ साली ते त्या पदावर होते. त्यांनी जमवलेल्या कलावस्तू आज नैरोबीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात पाहावयास मिळतात. किती मराठी प्रवाशांना त्या दालनात नेले जाते, हे पाहणीदारांनी स्वतःसच विचारावे.

याच नैरोबीला लागून ११७ चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान आहे. १९४६ साली ते स्थापन झाले. उंच इमारतींच्या पार्श्वभूमीवर तेथे सिंह आणि गेंडे हिंडताना दिसतात, आणि मोंबासाहून येणाऱ्या नव्या लोहमार्गाचा पुढील फाटा उंच पुलावरून त्याच उद्यानातून जातो. मुंबईकराला हे दृश्य परके वाटू नये. बोरिवलीचे उद्यान आणि तेथील बिबटे यांचा प्रश्न त्याच्या परिचयाचा आहे. वाढते शहर आणि त्याच्या कुशीतले अरण्य यांचा तंटा दोन्हीकडे सारखाच आहे.

जोहान्सबर्गला कॉन्स्टिट्यूशन हिल नावाची टेकडी आहे. तेथील जुन्या तुरुंगात १९०८ साली गांधीजी होते आणि १९६२ साली नेल्सन मंडेला होते. आज त्याच आवारात दक्षिण आफ्रिकेचे घटना-न्यायालय उभे आहे, आणि त्याच्या बांधकामात तुरुंगाच्या पाडलेल्या भागाच्या विटा वापरल्या आहेत. केपटाउनला टेबल माउंटनवर जाणारा १९२९ सालापासूनचा आकाशपाळणा सर्वजण पाहतात. परंतु डिस्ट्रिक्ट सिक्स ही वस्ती १९६६ साली केवळ गोऱ्यांसाठी राखून ठेवल्याचे जाहीर झाले आणि साठ हजारांहून अधिक माणसांना तेथून उठवण्यात आले, त्याचे संग्रहालय पाहणारे थोडे. रॉबेन बेटावर मंडेलांनी आपल्या सत्तावीस वर्षांच्या कारावासापैकी अठरा वर्षे काढली. तेथे नेणारी बोट समुद्र खवळला की निघत नाही, आणि आकाशपाळणाही वारा सुटला की बंद होतो. म्हणून जाणता पाहणीदार केपटाउनच्या कार्यक्रमात एक दिवस मुद्दाम मोकळा ठेवतो. झांझिबारचे स्टोन टाउन म्हणजे नक्षीदार दरवाजे आणि लवंगांचा वास एवढेच नव्हे. जेथे गुलामांचा बाजार भरत असे, त्या जागेवर आज चर्च उभे आहे. प्रवाशाने हेही पाहावे. सुखाची सहल आहे म्हणून डोळे झाकून हिंडावे असा काही नियम नाही.

आता मी या विषयाच्या मर्माकडे येतो. पाहणीदार आपल्या गिऱ्हाइकाला जे वचन देतो, त्याचे परिणाम केवळ गिऱ्हाइकापुरते राहत नाहीत. मुंबईत किंवा पुण्यात बसून कोणी लिहिले की 'नदी ओलांडणारे कळप हमखास दाखवू' किंवा 'चित्ता अगदी जवळून', की त्या शब्दांचे ओझे तेथील मोटारचालकावर पडते. प्रवाशांची नाराजी झाली तर त्याचे इनाम बुडते, पुढचे काम जाते. मग तो नियम मोडून गवतात गाडी घालतो. एकाच्या मागून दुसरा, दुसऱ्याच्या मागून दहावा. एका जनावराभोवती पाचाहून अधिक वाहने नसावीत असा मारामध्ये दंडक आहे. पण गर्दीच्या दिवसांत वीस-तीस वाहनांचे कडे पडते. चित्ता हा दिवसा शिकार करणारा प्राणी. वाहनांच्या घोळक्यात त्याची शिकार हुकते आणि पिले उपाशी राहतात. मारातील मादी चित्त्यांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. ज्या भागांत प्रवाशांची वर्दळ कमी, तेथे एका वेताची सरासरी दोनाहून अधिक पिले मोठी होऊन स्वतंत्र झाली. जेथे वर्दळ फार, तेथे पाच वेतांमागे एखादेच पिलू. ज्या प्राण्याला पाहण्यासाठी आपण समुद्र ओलांडून जातो, त्याचा वंश आपल्या पाहण्यानेच खुंटावा, याहून मोठा विपर्यास कोणता? २०२५ च्या जुलैत सेरेंगेतीच्या उत्तरेस मारा नदीच्या काठी प्रवासी वाहनांतून उतरून कळपांच्या वाटेतच उभे राहिल्याची चित्रफीत जगाने पाहिली. त्या प्रवाशांना कोणीतरी, कोठेतरी, तसे वचन दिलेले असणार.

आपण हे नाक मुरडून ऐकण्याचे कारण नाही. चंद्रपूरच्या ताडोबात वाघ दिसला की काय होते, हे तेथे जाऊन आलेल्यांनी आठवून पाहावे.

याच्याच जोडीला त्या भूमीवरील माणसांचा प्रश्न आहे. मसाई हे गुराखी लोक. १९५९ साली सेरेंगेतीतून त्यांना हलवण्यात आले, तेव्हा न्गोरोंगोरोचा प्रदेश वेगळा काढून तेथे त्यांच्या गुरांना आणि वन्य प्राण्यांना एकत्र राहण्याची मुभा देण्यात आली. आज तेथेही त्यांच्यावर स्थलांतराचे दडपण आहे. शेजारच्या लोलियोंदोत २०२२ च्या जूनमध्ये सुमारे १५०० चौरस किलोमीटर जमीन प्राण्यांसाठी राखून ठेवण्याकरिता खांब रोवले जात असताना संघर्ष झाला आणि रक्त सांडले. सरकारचे म्हणणे की माणसे आणि गुरे वाढली, अरण्याला ते पेलवत नाही. मसाई लोकांचे म्हणणे की ही आमची पूर्वापार गायराने आहेत. प्रशासनात काम केलेल्या कोणासही हा तंटा नवा नाही. धरणासाठी वा अभयारण्यासाठी गाव उठवणे म्हणजे काय, हे आपल्यालाही ठाऊक आहे. दुसरा मार्ग केनियाने काही अंशी दाखवला आहे. माराच्या सीमेलगत मसाई जमीनमालकांनी आपल्या जमिनी एकत्र करून संरक्षित क्षेत्रे केली आहेत. विश्रामगृहवाले त्यांना त्या जमिनीचे भाडे देतात, खाटांची आणि वाहनांची संख्या मर्यादित ठेवतात. हाही मार्ग निर्वेध नाही. २०२० साली महामारीत प्रवासी थांबले तेव्हा ते भाडेही आटले. तरीपण सिंह जिवंत राहण्यात शेजारच्या घराचा काही लाभ असावा, हे तत्त्व त्यात आहे.

मग पाहणीदाराने काय करावे? मला वाटते, त्याने आपल्या टिपणवहीत खोलीच्या पडद्यांच्या रंगाबरोबर आणखी चार गोष्टी नोंदवाव्यात. येथे काम करणारी माणसे जवळच्या गावांतली आहेत की दूरच्या शहरातली? ही जमीन कोणाची, आणि तिचे भाडे कोणास जाते? पाणी कोठून येते आणि सांडपाणी कोठे जाते? मोटारचालकाने नियम पाळून एखादा प्राणी दाखवला नाही, तर त्याची बाजू कोण घेतो? ही उत्तरे हॉटेलच्या छापील पुस्तिकेत नसतात. ती चालकाबरोबर चहा घेताना मिळतात. आणि त्या चहाला तेथेही 'चाय'च म्हणतात.

राहिला आपण, म्हणजे प्रवासी. आपल्यालाही काही विचारण्याचा अधिकार आहे. सहल ठरवताना सल्लागारास विचारावे: तुम्ही स्वतः तेथे कोणत्या महिन्यात गेला होता? आम्ही जाणार त्या महिन्यात तेथे काय नसते? मोटारीत एका दिवशी किती तास बसावे लागेल? काय दिसेल याची तुम्ही हमी देता काय? या शेवटच्या प्रश्नाला जो 'देतो' म्हणेल, त्याच्याकडून उठून यावे. जो म्हणेल की 'हमी नाही. पण वाट पाहण्यास योग्य अशी जागा आणि वेळ मी निवडीन', त्याच्याजवळ पैसे भरण्यास हरकत नाही.

खर्चाचेही सरळ सांगतो. मसाई मारामध्ये परदेशी प्रवाशाला २०२४ च्या जुलैपासून, जुलै ते डिसेंबर या हंगामात, दिवसाला माणशी २०० डॉलर प्रवेशशुल्क पडते. चौघांच्या कुटुंबाने तीन दिवसांचा हिशेब केला तर छाती दडपते. म्हणून घाईने पाच देश पाहण्यापेक्षा एका देशात सावकाश हिंडणे केव्हाही बरे. तीन रात्री एकाच ठिकाणी राहिले की दुसऱ्या दिवशी डोळे स्थिरावतात. सिंहाव्यतिरिक्त पक्षीही दिसू लागतात, गवताच्या जाती कळू लागतात, आणि वाटाड्या प्रवाशांना 'सायबा' म्हणून हाकारण्याऐवजी आपल्या मुलाबाळांविषयी बोलू लागतो. अशा वेळी दोन स्वाहिली शब्द येत असावेत. भेटल्यावर 'हबारी?' म्हणजे 'काय खबर?', आणि निघताना 'असांते', म्हणजे आभारी आहे. यांतल्या पहिल्या शब्दाचे नाते आपल्या 'खबर'शी आहे, हे निराळे सांगावयास नको.

येत्या हंगामासाठी असे अनेक पाहणीदार बॅगा भरीत असतील. त्यांनी भरपूर पाहावे, थोडे छापावे, आणि जे पाहिले नाही त्याचे वचन देऊ नये, एवढीच त्यांच्याकडून अपेक्षा आहे. तुमच्यापैकी जे त्यांच्यामागून जाणार असतील, त्यांचा प्रवास सुखाचा होवो. स्वाहिलीत यालाच 'सफारी न्जेमा' म्हणतात.